बास्क मेंढपाळांच्या गावातून मराठी मंडळांना पत्र

उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांचे अध्यक्ष, विश्वस्त आणि कार्यकारिणीतले सगळे सभासद यांना,

सप्रेम नमस्कार.

मी बॉयसीत राहते. आयडाहो राज्याची ही राजधानी. चिप बनवणाऱ्या कारखान्यातल्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो, त्याला सतरा वर्षं झाली. मराठी घरं इथे मोजकीच. आरतीला सगळे एका दिवाणखान्यात मावतो. माझं माहेर माण तालुक्यातलं, धनगराचं. दिवाळी झाली की आजोबा मेंढरं घेऊन घाट उतरायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे. त्यामुळे इथल्या ग्रोव्ह स्ट्रीटवरच्या बास्क संग्रहालयात पहिल्यांदा गेले आणि भिंतीवरचे जुने फोटो पाहिले, तेव्हा पाय तिथेच खिळले. हातात काठी, पायाशी कुत्रा, मागे उघडं माळरान आणि पांढऱ्या ठिपक्यांसारखी मेंढरं. माणूस युरोपातला, डोंगर अमेरिकेतले, पण उभं राहण्याची ढब थेट आजोबांची.

त्या दिवसापासून मी या लोकांच्यात जाऊन येऊन आहे. त्यांनी आपली संस्कृती इथे शंभर-सव्वाशे वर्षं कशी टिकवली, हे जवळून पाहिलं आहे. ते तुम्हाला सांगावं आणि त्यावरून तुमच्याकडे एक मागणं मागावं, म्हणून हे पत्र.

बास्क म्हणजे पिरेनीज पर्वताच्या पश्चिम टोकाला, थोडे स्पेनमध्ये आणि थोडे फ्रान्समध्ये राहणारे लोक. त्यांची भाषा एउस्कारा. जगातल्या कुठल्याही ज्ञात भाषेशी तिचं नातं लागत नाही. एक बास्क माणूस मात्र आपल्याला साडेचारशेहून जास्त वर्षांपासून ठाऊक आहे. जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या चर्चमध्ये ज्याचं शव ठेवलं आहे तो ‘गोंयचो सायब’, सेंट फ्रान्सिस झेवियर, हा नवार प्रांतातल्या हाविएरच्या गढीत 1506 साली जन्मलेला बास्क.

अमेरिकेत आलेले बास्क मुळात मेंढपाळ होते, असा माझाही समज होता. तो खरा नाही. बॉयसीकडे आले ते बहुतेक बिस्काय प्रांतातल्या किनाऱ्यालगतच्या खेड्यांमधले शेतकऱ्यांचे नाहीतर कोळ्यांचे मुलगे. तिकडे शेतवाडी एकाच वारसाकडे जायची, बाकीच्या भावंडांनी आपली वाट शोधायची. अमेरिकेच्या पश्चिमेला मेंढरांमागे फिरायला माणूस हवा होता आणि त्या कामाला इंग्रजी लागत नव्हतं. मग विशीतला पोरगा दीड-दोन हजार मेंढरं आणि एक कुत्रा घेऊन महिनोन्‌महिने डोंगरात एकटा. उन्हाळ्यात वर, हिवाळ्यात खाली वाळवंटात. बोलायला कोणी नाही म्हणून अ‍ॅस्पेन झाडांच्या पांढऱ्या सालीवर चाकूने आपलं नाव, गावाचं नाव, साल कोरायचं. चीर बारीक द्यायची. झाड वाढलं की अक्षरं काळी होऊन ठसठशीत उठतात. नेवाडा, आयडाहो, कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत अशी हजारो झाडं सापडली आहेत. अ‍ॅस्पेनचं आयुष्य शंभरेक वर्षांचं, त्यामुळे ती आता एकेक करून पडताहेत, आणि अभ्यासक त्यांची नोंद करून ठेवण्यासाठी धावपळ करताहेत.

आमच्या शेजारी एक अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बास्क आजी राहतात. इथली बास्क मुलं आजीला ‘अमुमा’ म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. त्यांचे यजमान 1950 च्या दशकात तीन वर्षांच्या करारावर मेंढरांमागे आले होते. अमुमांनी मला मेंढपाळाचा पाव शिकवला. जाड बिडाचं झाकणाचं भांडं, आत चरबीचा हात, त्यात फुगलेला मोठा गोळा. डोंगरात खड्डा खणून निखारे घालायचे, भांडं आत ठेवायचं, झाकणावरही निखारे आणि वरून माती. अमुमा आता ओव्हनमध्ये करतात, पण पुढची रीत तीच. पाव बाहेर काढला की कापायच्या आधी सुरीच्या टोकाने त्यावर क्रूस ओढतात. आणि पहिला तुकडा कुत्र्याला. मी विचारलं, का? त्या म्हणाल्या, डोंगरात त्याच्याशिवाय दुसरं होतंच कोण. आमच्याकडे वाड्यावर भाकरी झाली की पहिला चतकोर कुत्र्यालाच पडायचा. मी त्यांना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेऊन कितीतरी वेळ धरून ठेवला.

आता मूळ मुद्द्याकडे येते. डोंगरात एकट्या राहिलेल्या या माणसांची संस्कृती टिकली ती घरामुळे. मी ‘घर’ हा शब्द शब्दशः वापरते आहे.

मेंढपाळ गावात उतरला की जायचा कुठे? बास्क माणसाने चालवलेल्या खाणावळीत. त्याला ते ‘ओस्तातु’ म्हणतात. वर झोपायच्या खोल्या, खाली लांबच लांब टेबल, सगळ्यांनी एकत्र बसायचं, समोर येईल ते जेवायचं. मालक चिठ्ठी वाचून दाखवी, पैसे सांभाळी, डॉक्टरकडे नेई, नवी नोकरी बघून देई. कामाला तिकडच्याच मुली आणलेल्या असत. निम्मी लग्नं स्वयंपाकघर आणि जेवणघर यांच्या मधल्या दारात जुळली, असं अमुमा सांगतात. त्यांची आई अशाच एका खाणावळीत रांधायची. बॉयसीत अंदुइसा कुटुंबाने 1914 मध्ये खाणावळ बांधली तीच मुळी पेलोटा, म्हणजे भिंतीवर चेंडू मारायचा त्यांचा खेळ, खेळायच्या बंदिस्त मैदानाभोवती. त्या भिंतीवर आजही चेंडू आपटतो.

पण खाणावळी कायमच्या राहणार नव्हत्या. 1924 च्या कायद्याने स्पेनमधून वर्षाला फक्त 131 माणसांना येऊ द्यायचं ठरलं. 1934 मध्ये सरकारी कुरणांवर फिरत्या कळपांना बंदी आली. पुढे मेंढपाळांची टंचाई पडली म्हणून खास परवानगीने पुन्हा माणसं आणली, पण 1970 च्या दशकानंतर स्पेन सावरला आणि तिकडून कोणी यायलाच तयार होईना. आज या डोंगरात मेंढरांमागे बहुतेक पेरूचे लोक दिसतात. नवी माणसं येणं थांबलं. आपल्या मंडळांनी हे वाक्य नीट वाचावं. आपल्याकडे दर वर्षी पुण्या-मुंबईहून, नाशिक-नागपूरहून ताजी मराठी माणसं उतरतात, आणि त्यांच्या जोरावर आपले कार्यक्रम भरतात. हा ओघ आटला तर आपल्याकडे काय उरेल?

बास्कांनी हा प्रश्न वेळेत ओळखला. 1949 मध्ये बॉयसीतल्या बास्कांनी एउस्काल्दुनाक नावाची संस्था नोंदवली आणि पाठोपाठ ग्रोव्ह स्ट्रीटच्या कोपऱ्यावर स्वतःचं बास्क सेंटर उभं केलं. ते मेंढपाळ आणि खाणावळवाले होते, धनिक नव्हते. त्याच रस्त्यावरचं जेकब्स-उबेरुआगा हे विटांचं घर 1864 सालचं, शहरातल्या विटांच्या उभ्या इमारतींत सगळ्यात जुनं. तीही एके काळची बास्क खाणावळ. 1983 मध्ये अडेलिया गारो सिम्प्लॉट यांनी ते वाचवण्यासाठी विकत घेतलं आणि 1985 मध्ये त्यातून बास्क संग्रहालय उभं राहिलं. आज त्या एका रस्त्याच्या तुकड्यावर सेंटर, संग्रहालय, पेलोटाची भिंत, खानावळी, दुकान सगळं चालत पाच मिनिटांच्या आत आहे. शहर त्याला बास्क ब्लॉक म्हणूनच ओळखतं. फरसबंदीत घराण्यांची नावं कोरलेली आहेत आणि शाळेतून सुटलेली मुलं त्या नावांवरून उड्या मारत जातात.

आपल्याकडे काय आहे? काही शहरांत मराठी भवनं उभी राहताहेत, त्यामागचे कष्ट मला माहीत आहेत, आणि त्या माणसांबद्दल मनात फार आदर आहे. पण बहुतेक मंडळांचा संसार अजून भाड्याच्या शाळेच्या हॉलमध्ये आणि कुणाच्या तरी गॅरेजमध्ये आहे. गणपतीची आरास, ढोल, ताशे, पडदे, सतरंज्या, सगळं खोक्यात. दोन वर्षांनी कार्यकारिणी बदलली की खोकी दुसऱ्या गॅरेजमध्ये. अशाने आठवणी साठत नाहीत. मुलाला बोट दाखवून ‘इथे तुझी आजी बसायची’ असं सांगायला जागाच नसते.

मुलांबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

1960 च्या उन्हाळ्यात बॉयसीतली काही बास्क तरुण मुलं-मुली आजोळी गेली होती. तिथे सान सेबास्तियनमधल्या एका पथकाकडून ती नाच शिकली आणि परत येऊन त्यांनी ‘ओइन्कारी’ हे पथक काढलं. पांढरे कपडे, लाल घागरे, पोटरीपर्यंत आवळलेल्या नाड्यांची चामडी पायताणं. 1962 मध्ये ही मुलं सिअ‍ॅटलच्या जागतिक प्रदर्शनात नाचली, 1964 मध्ये न्यूयॉर्कच्या. अ‍ॅकॉर्डियनवर बसायचे जिमी हाउसोरो. या माणसाने मुलांसाठी आयुष्यभर वाजवलं आणि 1985 मध्ये राष्ट्रीय पातळीवरचा लोककलांचा सन्मान त्यांना मिळाला. पथक आजही चालू आहे. लहानांसाठी वेगळा गट आहे, ‘बॉयसीको गास्तेआक’, म्हणजे बॉयसीची पोरं. तिथून मोठं झालं की ओइन्कारीत. त्यांना शिकवणारे कोण? कालपर्यंत तिथेच नाचत होते ते. बाहेरून गुरुजी येत नाहीत, आणि कोणाला त्याचे पैसे मिळत नाहीत.

माझी मुलगी सहा वर्षांची असताना एका बास्क मैत्रिणीबरोबर सरावाला गेली. तिला आडवलं नाही की ‘तू आमच्यातली नाहीस’ म्हटलं नाही. नाडी बांधायला शिकवलं, रांगेत उभं केलं. त्या संध्याकाळी मी दाराशी उभी राहून पाहिलं ते असं: नाचून झाल्यावर चौदा-पंधरा वर्षांची मुलं स्वतःहून खुर्च्या घड्या करून भिंतीला लावत होती, दोन मुलगे आत मोठ्या पातेल्यातल्या चोरिसोला, म्हणजे मसालेदार सॉसेजांना, पाणी घालत होते, आणि एका आजोबांनी एका मुलाला हाक मारून पत्त्यांच्या टेबलावर चौथा भिडू म्हणून बसवलं.

तो खेळ म्हणजे मुस. चाळीस पत्ते, दोन-दोनच्या जोड्या. जोडीदाराला खुणा करण्याची परवानगी आहे: खालचा ओठ चावला की दोन राजे, जिभेचं टोक दाखवलं की दोन एक्के. सगळं डावावर लावायचं असेल तर ‘ओर्दागो’ म्हणून ओरडायचं. आजोबा आणि तेरा वर्षांचा नातू जोडीदार असले की दोघांना एकमेकांच्या चेहऱ्याकडे सतत बघावं लागतं. हे मी दोन तास पाहत बसले. फोन कोणाच्याच हातात नव्हता.

याच्या शेजारी माझा दुसरा अनुभव ठेवते. काही वर्षांपूर्वी आम्ही हौसेने एका मोठ्या शहरातल्या मंडळाच्या गणेशोत्सवाला विमानाने गेलो. मुंबईहून नामवंत कलाकार आले होते, गाणी उत्तम झाली. पण बारा वर्षांखालच्या मुलांसाठी मागे वेगळी खोली होती, तिथे पडद्यावर इंग्रजी कार्टून लावलं होतं आणि जेवायला पिझ्झा. आत मोदक वाढत होते. माझी मुलगी दारात येऊन मला विचारते, ‘आई, मी काय मदत करू?’ मी एका ताईंना विचारलं, त्या प्रेमाने म्हणाल्या, ‘अगं, मुलांना कशाला त्रास, खेळू दे की.’ त्यांचा हेतू चांगलाच होता. पण त्या दिवशी त्या खोलीतल्या साठ मुलांना कळलं की गणपती हा आई-बाबांचा कार्यक्रम आहे.

माझं मागणं इथून सुरू होतं. मुलांना प्रेक्षकांतून आणि मागच्या खोलीतून बाहेर काढा, आणि काम द्या. मोदक वळायला, पानं मांडायला, ताशा वाजवायला, हिशेब लिहायला, निवेदन करायला. चुकू द्या. सोळा वर्षांच्या मुलीने बारा वर्षांच्यांना लेझीम शिकवावं, आणि तिचं पाहून पुढे त्यांनी शिकवावं. पाहुण्या कलाकारांना बोलावू नका असं मी म्हणत नाही. त्यांचं येणं हा आनंदच असतो. पण एका पाहुण्याच्या मानधनात आणि विमानभाड्यात मुलांचं पंधरा दिवसांचं शिबिर होतं.

हे शिबिर माझ्या मनातलं नाही, तेही बास्कांचंच. उत्तर अमेरिकेतल्या बास्क मंडळांनी 1973 मध्ये एक महासंघ केला. आपल्या बृहन्महाराष्ट्र मंडळासारखाच, आपल्याआधी आठ वर्षं. हा महासंघ ‘उदालेकू’ नावाचं उन्हाळी शिबिर भरवतो. दोन आठवडे, आणि गाव दर वर्षी वेगळं. नेवाडातला मुलगा कॅलिफोर्नियात एखाद्या बास्क घरी राहतो, त्यांच्या टेबलावर जेवतो, दिवसा नाच, पेलोटा, मुस, चिस्तू ही तीन भोकांची बासरी, गाणी. परत जाताना त्याला इतर गावांतली आपल्यासारखी मुलं माहीत झालेली असतात. पुढे तीच मुलं मंडळं चालवतात आणि काही एकमेकांशी लग्नंही करतात. आपली अधिवेशनं दर दोन वर्षांनी दिमाखात होतात. त्यात तीन दिवस भेटलेली मुलं आणि पंधरा दिवस एका छपराखाली राहिलेली मुलं, यांत फरक पडतोच.

भाषेबद्दल मला खरं ते लिहायला हवं. अमेरिकेत जन्मलेल्या बहुतेक बास्क मुलांना एउस्कारा सफाईने येत नाही. एक काळ असा होता की ‘बास्को’ ही इथे शिवी होती आणि आई-बाप मुलांशी मुद्दाम इंग्रजीत बोलत. तिकडे स्पेनमध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत तर शाळेत, चारचौघांत ती बोलायलाच बंदी. जे गेलं ते सगळं परत येत नाही. बास्क परंपरेत ‘बेर्त्सोलारी’ असतात, म्हणजे दिलेल्या विषयावर, दिलेल्या चालीवर, उभ्या उभ्या पद्य रचून गाणारे. आपल्या शाहिरांच्या सवाल-जवाबाची आठवण यावी असे. अमेरिकेतल्या अशा चौघांना 2003 मध्ये हाउसोरोंना मिळालेला तोच राष्ट्रीय सन्मान मिळाला. पण ज्या भाषेत विचार करत नाही तिच्यात ऐन वेळी कविता सुचत नाही, त्यामुळे इथे जन्मलेल्यांतून त्यांचा वारसा चालवणारे मिळणं फार अवघड आहे. हे ऐकताना मला आमच्या धनगरी ओव्यांची आठवण येते आणि घसा दाटतो.

तरी त्यांनी हात टेकले नाहीत. 1998 मध्ये बॉयसीत त्यांनी ‘इकास्तोला’ काढली: लहान मुलांची शाळा, दिवसभर एउस्कारात. बास्क नसलेल्या घरांतली मुलंही तिथे जातात. आपल्या मराठी शाळा हे आपलं सगळ्यात मोठं काम आहे आणि रविवारची सकाळ त्यासाठी देणाऱ्या शिक्षकांना माझा दंडवत. पण आपण मुलांना सातव्या-आठव्या वर्षी बाराखडी द्यायला लागतो, तोवर त्यांच्या तोंडात इंग्रजी बसलेलं असतं. तीन वर्षांच्या मुलाला वर्गात बसवायला नको. मराठीत खेळवणारी, भरवणारी, झोपवणारी चार माणसं हवीत. आपल्याकडे आजी-आजोबा सहा-सहा महिने येऊन राहतात, दुपारभर कंटाळतात. ते आणि ती मुलं एकाच शहरात असतात आणि त्यांची गाठ घालून देणारं कोणी नसतं.

आणि दार उघडं ठेवा. गेल्या वर्षी, 2025 च्या जुलैअखेर, इथे जायाल्दी झाली. हा त्यांचा मोठा उत्सव, पहिला 1987 मध्ये झाला, एरवी साधारण पाच वर्षांनी असतो. या वेळी साथीमुळे दहा वर्षांचा खंड पडला होता. ओंडके तोडणं, दगड उचलणं, दोरखेच, रस्त्यावर नाच. निम्मं शहर लोटलं होतं. आडनावं विचारायला कोणी बसलं नाही. 2000 च्या जनगणनेत साऱ्या अमेरिकेत स्वतःला बास्क म्हणवणारे होते 57,793. आपण त्याहून कितीतरी जास्त आहोत. एवढ्या थोड्या लोकांचं नाव राज्यभर माहीत आहे, कारण शेजाऱ्याला त्यांनी ताटावर बोलावलं. आपल्या मुलांची लग्नं सगळीकडे होताहेत, होणार आहेत. त्या सुनांना, जावयांना मंडळात परकं वाटलं तर आपण त्यांच्याबरोबर नातवंडंही गमावू.

सगळं त्यांनाही राखता आलेलं नाही. कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डमधली नोरिएगा ही 1893 पासूनची खाणावळ 2020 मध्ये बंद झाली. अमुमांना ती बातमी मीच वाचून दाखवली होती. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग उठून त्यांनी पीठ भिजवलं.

या वर्षीच्या तुमच्या बैठकांमध्ये तीन गोष्टींचा ठराव यावा अशी माझी विनंती आहे. दर कार्यक्रमाच्या शिलकीतला ठरलेला हिस्सा जागेसाठी बाजूला काढावा, मग ती दोन खोल्यांची का असेना, आणि जवळच्या दोन-तीन मंडळांनी मिळून का असेना. दहा ते पंधरा वयाच्या मुलांचं एक निवासी शिबिर येत्या उन्हाळ्यात एका तरी विभागात भरावं, मुलांनी मराठी घरांतच राहावं. आणि मागच्या खोलीतला पडदा बंद करावा. पहिल्या दोन्हींना वेळ लागेल, तिसरं येत्या गणपतीतच होऊ शकतं.

जुलैच्या शेवटच्या शनिवार-रविवारी इथे सान इनासिओ या बास्क संताचा उत्सव असतो. तुमच्यापैकी दोघं-चौघं पाहायला या. सेंटरमधल्या मंडळींशी मी गाठ घालून देईन, जागेचे हिशेब आणि शिबिराची आखणी तेच समजावून सांगतील. राहायला आमचं घर आहे, ज्वारीचं पीठही आहे. फक्त आठवडाभर आधी कळवा. अमुमांना आता एका दिवसात दोनच पाव झेपतात.

तुमची,
बॉयसीतली एक मराठी आई